बोरॉन-ग्राफीन कॅटॅलिस्टवर विजेने अमोनिया बनवायचा असेल तर: कॅटॅलिस्ट नंतर, ब्लँक आधी

युरियाची गोणी सगळ्यांना माहितीये, त्यातलं नत्र येतं अमोनियातून, आणि तो अमोनिया आजही हेबर-बॉश पद्धतीनेच बनतो. फ्रिट्झ हेबरने १९०९ मध्ये ते करून दाखवलं, कार्ल बॉशने बीएएसएफ या जर्मन कंपनीत त्याचा कारखाना उभा केला, १९१३ ला ओपाऊमध्ये उत्पादन सुरू झालं. लोखंडाचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक), ४०० ते ५०० अंश तापमान, दीडशे-दोनशे बार प्रेशर. आपल्याकडे आरसीएफचे (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) ट्रॉम्बे आणि अलिबागजवळचं थळ इथले प्लांट याच तत्त्वावर चालतात, नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढायचा आणि हवेतल्या नायट्रोजनशी जोडायचा, आणि त्या हायड्रोजनच्या पायरीतच बहुतेक कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो. म्हणून गेली काही वर्षं जगभर प्रयत्न चालू आहेत की साध्या तापमानाला, साध्या प्रेशरला, पाणी आणि नायट्रोजन घेऊन नुसत्या विजेने अमोनिया बनवता येईल का, आणि त्यासाठी महाग धातूऐवजी कार्बनचा कॅटॅलिस्ट चालेल का.

हा लेख एमएससी प्रोजेक्ट किंवा पीएचडीची सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे, ज्यांच्याकडे ट्यूब फर्नेस, पोटेन्शिओस्टॅट (ठरवलेलं व्होल्टेज लावणारं यंत्र) आणि यूव्ही-व्हिजिबल (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) आहे. घरी करायची गोष्ट नाही ही, हायड्रोजन आणि सल्फ्युरिक अॅसिड दोन्ही यात आहेत. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: या विषयात अमोनिया "मिळणं" अवघड नाही, तो कुठूनही मिळतो, पाण्यातून, हवेतून, ग्लोव्हजमधून, सिलेंडरमधून. अवघड आहे ते हे सिद्ध करणं की तो तुमच्या नायट्रोजन गॅसमधूनच आला. २०१९ मध्ये डेन्मार्कच्या टेक्निकल युनिव्हर्सिटी आणि स्टॅनफर्डच्या लोकांनी नेचरमध्ये यावर कडक प्रोटोकॉल छापला, पाठोपाठ ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश युनिव्हर्सिटीच्या ग्रुपनेही खोट्या पॉझिटिव्हवर सविस्तर लिहिलं, आणि त्यानंतर आधी छापलेल्या बऱ्याच आकड्यांवरचा विश्वास उडाला. त्यामुळे मी कॅटॅलिस्टपेक्षा जास्त जागा स्वच्छतेला, ब्लँकला (अमोनिया न टाकता घेतलेलं कोरं माप) आणि कंट्रोलला (एखादी गोष्ट मुद्दाम काढून केलेला तुलनेचा प्रयोग) देणार आहे, मुद्दाम.

कार्बन का आणि त्यात बोरॉनच का

नायट्रोजनच्या रेणूतला तिहेरी बंध तोडायला मोलला सुमारे ९४१ किलोज्यूल लागतात. पण खरी अडचण नुसती ती नाही. नायट्रोजनचं अमोनिया होण्याचं व्होल्टेज आणि पाण्यातून हायड्रोजन निघण्याचं व्होल्टेज जवळजवळ शेजारी शेजारी आहे, आणि नायट्रोजनला सहा प्रोटॉन-सहा इलेक्ट्रॉन लागतात तर हायड्रोजनला फक्त दोन, मग इलेक्ट्रॉन सोपा रस्ता पकडतात. वर २५ अंशाला पाण्यात नायट्रोजन विरघळतो लिटरला जेमतेम ०.६५ मिलीमोल, आणि पाणी स्वतः आहे ५५ मोल. म्हणजे इलेक्ट्रोडसमोर नायट्रोजनचा एक रेणू असेल तर पाण्याचे ऐंशी-पंच्याऐंशी हजार. कार्बन हायड्रोजनला फारसा धरत नाही, प्लॅटिनमसारखा भराभर हायड्रोजन सोडत नाही, म्हणून तो इथे उपयोगी. पण नुसता कार्बन नायट्रोजनलाही धरत नाही, म्हणून त्यात दुसरा अणू घालावा लागतो.

बहुतेक जण नायट्रोजन-डोप्ड कार्बनकडे (म्हणजे नायट्रोजनचे अणू घातलेल्या कार्बनकडे) जातात, झेडआयएफ-८ (जस्त आणि नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय रेणूंची जाळीदार पावडर) बनवायचं, नऊशे-हजार अंशाला भाजायचं, झालं. सोपं आहे आणि पेपरही भरपूर आहेत, पण माझं स्पष्ट मत असं की नवीन माणसाने तिकडे जाऊ नये. कॅटॅलिस्टमध्येच नायट्रोजन भरलेला असताना निघालेला अमोनिया गॅसमधला की कॅटॅलिस्टमधला हे ठरवायला आयुष्य जातं. बोरॉन घातला तर हा प्रश्न निम्मा तिथेच संपतो. बोरॉनची विद्युतऋणता २.०४, कार्बनची २.५५, त्यामुळे इलेक्ट्रॉन कार्बनकडे ओढले जातात, बोरॉनच्या जागी कमतरता तयार होते आणि नायट्रोजनच्या रेणूवरची इलेक्ट्रॉनची जोडी तिथे येऊन टेकू शकते. २०१८ मध्ये जूल या जर्नलमध्ये बोरॉन-डोप्ड ग्राफीनचा (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढा पातळ थर) पेपर आला होता, ०.०५ मोलर सल्फ्युरिक अॅसिडमध्ये, आरएचईच्या (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड, व्होल्टेज मोजायचा संदर्भ) तुलनेत उणे ०.५ व्होल्टला तासाला सेंटिमीटर वर्गाला ९.८ मायक्रोग्रॅम अमोनिया आणि १०.८ टक्के फॅराडिक एफिशियन्सी (एकूण विजेतला अमोनिया बनवायला गेलेला हिस्सा). आकडा लहान वाटेल, तो आहेच लहान, आणि म्हणूनच घाणीचा एवढा धाक.

पायरी पहिली: अमोनिया मोजायला शिका, कॅटॅलिस्टला हातही न लावता

इंडोफेनॉल ब्लू पद्धत घ्या. नेसलर रीएजंटही चालतो पण त्यात पारा आहे, आणि कचऱ्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. इंडोफेनॉलला तीन द्रावणं लागतात: पहिलं, एक मोलर सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये ५ टक्के सॅलिसिलिक अॅसिड आणि ५ टक्के सोडियम सायट्रेट, दुसरं ०.०५ मोलर सोडियम हायपोक्लोराईट. तिसरं १ टक्का सोडियम नायट्रोप्रुसाईड. सॅम्पल २ मिली, त्यात पहिलं २ मिली, दुसरं १ मिली, तिसरं ०.२ मिली, हलवून दोन तास अंधारात ठेवायचं आणि ६५५ नॅनोमीटरला अॅबसॉर्बन्स घ्यायचा. हायपोक्लोराईट जुना झाला की क्लोरीन कमी होतो आणि रंग फिका येतो, म्हणून ते द्रावण रोज ताजं. आणि ही बाटली रिकामी करताना अॅसिडच्या कचऱ्यात ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो, नायट्रोप्रुसाईडमध्ये सायनाईड बांधलेलं आहे, तेही अॅसिडपासून लांबच.

स्टँडर्डसाठी अमोनियम क्लोराईड ओव्हनमध्ये सुकवून ०.३१४ ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवा, म्हणजे मिलीला १०० मायक्रोग्रॅम अमोनिया. त्यातून ०, ०.०५, ०.१, ०.२, ०.५ आणि १ मायक्रोग्रॅम प्रति मिली असे बनवा, आणि हे सगळे ज्या इलेक्ट्रोलाईटमध्ये प्रयोग करणार त्याच्यातच बनवा, नुसत्या पाण्यात नाही, कारण पीएच आणि क्षार बदलले की उतार बदलतो. खालची टोकं जास्त वेळा घ्या. बरेच जण १० मायक्रोग्रॅमपर्यंतची सरळ रेष काढतात, आर-स्क्वेअर ०.९९९ येतो, खुश होतात, पण आपलं सॅम्पल तर ०.३ च्या आसपास असतं आणि तिथे ती रेष काहीच सांगत नाही.

आता शून्याचा सॅम्पल, म्हणजेच ब्लँक, बघा. तो निळसर येत असेल तर तुमच्या पाण्यात किंवा रीएजंटमध्येच अमोनिया आहे. १८.२ मेगाओहमचं (म्हणजे अतिशुद्ध) ताजं पाणी घ्या, कॅनमध्ये साठवलेलं नको. काच आधी पातळ अॅसिडने, मग त्याच ताज्या पाण्याने भरपूर धुवा. ग्लोव्हज बनवताना कॅल्शियम नायट्रेट वापरतात त्यामुळे नवीन ग्लोव्हजही घातल्यावर पाण्याखाली धुवून घ्या. त्याच खोलीत कुणी अमोनिया सोल्युशनची बाटली उघडत असेल तर त्या दिवशी मोजणी करूच नका, अॅसिडिक इलेक्ट्रोलाईट हवेतला अमोनिया शोषून घेतो. उघडं बीकर रात्रभर ठेवून सकाळी मोजून बघा, तुमची खोली किती स्वच्छ आहे ते लगेच कळेल.

शून्याचा सॅम्पल वेगवेगळ्या दिवशी सारखा येईपर्यंत पुढे जाऊ नका. गाईड घाई करतील, तरी नको.

पायरी दुसरी: ग्राफीन ऑक्साईड, पण नायट्रेटशिवाय

ही गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही. १९५८ च्या मूळ हमर्स पद्धतीत सोडियम नायट्रेट टाकतात. म्हणजे बोरॉन निवडून आपण नायट्रोजन टाळला आणि ग्राफीन ऑक्साईडच्या थरांत नायट्रेट घेऊन आलो, आणि नायट्रेटचं विजेने अमोनियात रूपांतर नायट्रोजन गॅसपेक्षा कितीतरी सहज होतं. म्हणून राईस युनिव्हर्सिटीतल्या जेम्स टूर यांच्या ग्रुपची २०१० ची सुधारित पद्धत वापरा, तिच्यात नायट्रेटच नाही. ३ ग्रॅम ग्राफाईट फ्लेक, १८ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, ३६० मिली तीव्र सल्फ्युरिक आणि ४० मिली फॉस्फोरिक अॅसिड, ५० अंशाला १२ तास ढवळायचं, गार झाल्यावर सुमारे ४०० मिली बर्फावर ओतायचं ज्यात ३ मिली ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड आहे. परमँगनेट आणि तीव्र सल्फ्युरिक एकत्र आले की स्फोटक ऑक्साईड होऊ शकतं, त्यामुळे परमँगनेट थोडं थोडं, थंड ठेवून, फ्यूम हूडमध्ये, फेस शील्ड लावून, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने एक-दशांश प्रमाणातच करावं. मग पाणी, पातळ हायड्रोक्लोरिक, परत पाणी, असं सेंट्रीफ्यूज करत धुवायचं. कंटाळवाणं काम आहे, जेलसारखं होतं आणि खाली बसत नाही, पण मँगनीज राहिला तर तो स्वतः कॅटॅलिस्ट होऊन बसतो.

विकतचं घेणार असाल तर विक्रेत्याला सरळ विचारा की कुठल्या पद्धतीने बनवलंय.

पायरी तिसरी: बोरॉन घालणे

ग्राफीन ऑक्साईड पाण्यात सोनिकेट करून त्यात वजनाच्या पाचपट बोरिक अॅसिड विरघळवा, फ्रीझ ड्राय करा, नसेल तर ६० अंशाला सुकवून खलात बारीक करा. अॅल्युमिना बोटमध्ये घालून ट्यूब फर्नेसमध्ये, आर्गॉनमध्ये ५ टक्के हायड्रोजन असलेलं मिश्रण, मिनिटाला ५ अंशाने ९०० पर्यंत, दोन-तीन तास, आणि त्याच गॅसमध्ये थंड. गरम करायच्या आधी अर्धा तास गॅस सोडून हवा काढा, साबणाच्या फेसाने सांधे तपासा, बाहेर येणारा गॅस हूडमध्ये न्या.

ट्यूब कुणाची आहे ते विचारा. तिच्यात आधी कुणी मेलामाईन, युरिया किंवा अमोनिया गॅस वापरला असेल तर ती ट्यूब आपल्या कामाची नाही, रिकामी तापवून साफ केली तरी मला तिच्यावर भरवसा वाटत नाही. शक्य असेल तर स्वतःची वेगळी क्वार्ट्झ ट्यूब आणि वेगळी बोट ठेवा. आणि संरक्षक वायू म्हणून नायट्रोजन कधीच नको, आर्गॉनच.

बाहेर काढल्यावर पावडर काचेसारखी चिकटलेली दिसेल, तो वितळून थिजलेला बोरॉन ऑक्साईड आहे. गरम पाण्यात तासन् तास ढवळून, गाळून, परत गरम पाणी, असं करत तो काढून टाकायचा. सोबत बोरिक अॅसिड न घालता तसंच भाजलेलं साधं ग्राफीनही बनवून ठेवा, कंट्रोलला लागेल.

तपासणीत रामनला (लेझरने केलेली तपासणी) १३५० आणि १५८० च्या आसपास डी आणि जी पीक येतात, ते सगळ्यांचे येतात, त्यात फार वेळ घालवू नका. एक्सपीएस (एक्स-रेने पृष्ठभागावरचे अणू ओळखायची तपासणी) महत्त्वाचा. बोरॉनच्या भागात कार्बनला जोडलेला बोरॉन १९० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळपास आणि ऑक्सिजनला जोडलेला १९२ च्या पुढे दिसतो, आपल्याला पहिला जास्त हवा. आणि मुख्य म्हणजे ४०० इलेक्ट्रॉनव्होल्टला, नायट्रोजनच्या जागी, रेष सपाट हवी. ती सपाट रेष पेपरमध्ये छापा. तरी एक्सपीएस टक्क्याच्या दशांशापर्यंतच बघू शकतो, आपली मोजणी मायक्रोग्रॅमची आहे, त्यामुळे सपाट रेष म्हणजे शंभर टक्के खात्री असं समजू नका.

पायरी चौथी: इलेक्ट्रोड आणि सेल

५ मिलीग्रॅम पावडर, ९६० मायक्रोलिटर पाणी-आयसोप्रोपेनॉल, ४० मायक्रोलिटर ५ टक्के नॅफिऑन (आयन वाहून नेणारा पॉलिमर), बर्फाच्या पाण्यात तासभर सोनिकेट. १०० मायक्रोलिटर घेऊन १ बाय १ सेंटिमीटर कार्बन पेपरवर थोडं थोडं सोडत सुकवा, म्हणजे ०.५ मिलीग्रॅम लोडिंग. कार्बन पेपर आधी धुतलेला हवा.

सेल दोन कप्प्यांचा, मध्ये नॅफिऑनचा मेम्ब्रेन. नॅफिऑन अमोनियम आयन पकडून ठेवतो आणि पुढच्या प्रयोगात सोडतो, त्यामुळे आज केलेल्या चांगल्या रनचा अमोनिया उद्याच्या रनमध्ये दिसू शकतो. वापरण्याआधी ५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये ८० अंशाला तासभर, मग पाणी, मग ०.५ मोलर सल्फ्युरिकमध्ये ८० अंशाला तासभर, परत पाणी, आणि रनागणिक तुकडा बदला. प्रयोगानंतर अॅनोडच्या कप्प्यातलं द्रावणही मोजा, अमोनियम तिकडे सरकतं. काउंटर इलेक्ट्रोड ग्राफाईटचा रॉड घ्या, प्लॅटिनम विरघळून कॅथोडवर बसला तर तुमचा कार्बन कॅटॅलिस्ट प्लॅटिनम कॅटॅलिस्ट होतो.

इलेक्ट्रोलाईट ०.०५ मोलर सल्फ्युरिक, प्रत्येक कप्प्यात ३० मिली. लिथियम सल्फेट वापरायचा मोह होईल, पण बाजारातल्या लिथियम सल्फेटमध्ये नायट्रेट सापडलेला आहे, घ्यायचाच असेल तर ८०० अंशाला भाजून घ्या. व्होल्टेजचं रूपांतर असं: आरएचई = सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराईड रेफरन्स इलेक्ट्रोडचं रीडिंग + ०.१९७ + ०.०५९ गुणिले पीएच. पीएच १.२ धरला तर आरएचईला उणे ०.५ हवं असेल तेव्हा पोटेन्शिओस्टॅटवर उणे ०.७७ लावायचं.

पायरी पाचवी: गॅस

९९.९९९ टक्के शुद्धतेचा सिलेंडर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. हिशोब करून बघू. मिनिटाला २० मिली दराने दोन तास गॅस सोडला म्हणजे २.४ लिटर, साधारण ०.१ मोल. त्यात नायट्रोजन ऑक्साईड फक्त एक पीपीएम असला आणि सगळा अमोनिया झाला तर १.७ मायक्रोग्रॅम अमोनिया फुकटचा मिळाला. आपण दोन तासांत एकूण नऊ-दहा मायक्रोग्रॅमच्या गप्पा मारतोय, म्हणजे पाचवा-सहावा हिस्सा तिथेच गेला. म्हणून सिलेंडर आणि सेलच्या मध्ये बाटल्या लावा: पहिली अल्कधर्मी पोटॅशियम परमँगनेटची, ती नायट्रोजन ऑक्साईड पकडते, मग पातळ सल्फ्युरिकची, अमोनियासाठी, मग शुद्ध पाण्याची. प्रत्येकीनंतर एक रिकामी बाटली, म्हणजे उलटं ओढलं गेलं तर परमँगनेट सेलमध्ये येणार नाही. आर्गॉनही याच बाटल्यांतून न्यायचा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

पायरी सहावी: रन, आणि कंट्रोल

क्रम माझ्या मते असाच हवा. आधी नवीन इलेक्ट्रोड आर्गॉनमध्ये उणे ०.५ व्होल्टला चालवा आणि दर अर्ध्या तासाने मोजा. अमोनिया वाढत राहिला तर इलेक्ट्रोडवर नायट्रोजनची काहीतरी घाण आहे, ती संपेपर्यंत चालवा, मग इलेक्ट्रोलाईट बदला. त्यानंतर नायट्रोजन अर्धा तास सोडून दोन तासांचा रन. मग परत आर्गॉन, परत नायट्रोजन. अमोनिया नायट्रोजनमध्ये चढला पाहिजे, आर्गॉनमध्ये थांबला पाहिजे, आणि हे पुन्हा पुन्हा झालं पाहिजे. पहिल्या रनला भरपूर आणि नंतर प्रत्येक वेळी कमी कमी, असं असेल तर ती घाण निघत्येय, कॅटॅलिसिस नाही.

याशिवाय नायट्रोजन चालू पण करंट बंद, मोकळा कार्बन पेपर, बोरॉन नसलेलं ग्राफीन, हे तिन्ही त्याच वेळात, त्याच खोलीत. मग उणे ०.३ पासून ०.७ पर्यंत व्होल्टेज बदलून बघा. जास्त उणे गेलात की करंट वाढतो पण तो सगळा हायड्रोजनला जातो, एफिशियन्सी पडते, हे अपेक्षित आहे. ती पडत नसेल तर उलट मला शंका येईल.

हिशोबाचं एक उदाहरण. ब्लँक वजा करून मिलीला ०.३० मायक्रोग्रॅम आले, ३० मिली म्हणजे ९ मायक्रोग्रॅम, १७ ने भागलं की ०.५३ मायक्रोमोल. एका अमोनियाला तीन इलेक्ट्रॉन, म्हणून गुणिले ३ गुणिले ९६४८५, आले ०.१५३ कूलंब. करंट सरासरी ०.२ मिलीअँपिअर, ७२०० सेकंद, एकूण १.४४ कूलंब. म्हणजे फॅराडिक एफिशियन्सी १०.६ टक्के. उत्पादन तासाला सेंटिमीटर वर्गाला ४.५ मायक्रोग्रॅम. आता हे बघा की ब्लँक जर ०.२५ असेल आणि सॅम्पल ०.५५, तर हा १०.६ टक्के अगदी डळमळीत आकडा आहे, कारण ब्लँक थोडा हलला की उत्तर कुठल्या कुठे जातं. म्हणून ब्लँकची किंमत आणि तिची घटबढ पेपरमध्ये लिहायचीच. पॅराडायमिथाइलअमिनोबेंझाल्डिहाइडने हायड्राझीनही तपासा, ४५५-४६० नॅनोमीटरला, बहुतेक वेळा काही येत नाही, पण तपासलं असं लिहावं लागतं.

पायरी सातवी: नायट्रोजन-१५

वरचं सगळं पार झालं तरी नायट्रोजन-१५ शिवाय दावा करू नका. साध्या गॅसऐवजी हा जड नायट्रोजन सोडायचा आणि तयार झालेला अमोनियम प्रोटॉन एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात रेणूतले हायड्रोजन ओळखणारं यंत्र) बघायचा: साध्या नायट्रोजनचा अमोनियम सात पीपीएमच्या आसपास तीन रेषा देतो, त्यांच्यातलं अंतर ५२ हर्ट्झ, आणि नायट्रोजन-१५ चा दोन रेषा, अंतर ७३ हर्ट्झ. दोन रेषा दिसल्या म्हणजे जिंकलो असं नाही. नायट्रोजन-१५ च्या सिलेंडरमध्ये त्याच आयसोटोपचा अमोनिया आणि ऑक्साईड घाण म्हणून असू शकतात, त्यामुळे तो गॅसही त्याच बाटल्यांतून न्यायचा, आणि मॅलेइक अॅसिड इंटर्नल स्टँडर्ड (प्रमाण माहीत असलेला तुलनेचा पदार्थ) म्हणून टाकून प्रमाण मोजायचं. नायट्रोजन-१५ मधून आलेला अमोनिया, साध्या नायट्रोजनमधून आलेला अमोनिया आणि इंडोफेनॉलचा आकडा, तिन्ही जुळले पाहिजेत. गॅस महाग आहे, म्हणून सतत सोडायच्या ऐवजी छोट्या पंपाने बंद सर्किटमध्ये फिरवा. कॉलेजात एनएमआर नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या (मोठ्या उपकरणांची सामायिक सुविधा) केंद्रात सॅम्पल पाठवता येतात, पण अॅसिडिक करून, बंद व्हायलमध्ये, आणि सोबत त्याच व्हायलमधला एक ब्लँकही पाठवा.

आकडे जुळले नाहीत तर काय? आधी इलेक्ट्रोलाईटमधला नायट्रेट-नायट्राईट आयन क्रोमॅटोग्राफीवर बघा, मग मेम्ब्रेन, मग गॅसच्या बाटल्या, शेवटी कॅटॅलिस्ट. हे सगळं बघूनही आर्गॉन आणि नायट्रोजनमध्ये फरक दिसला नाही तर तुमच्या कॅटॅलिस्टवर अमोनिया बनत नाही, आणि ते तसंच थिसिसमध्ये लिहा, ब्लँकच्या सगळ्या टेबलसकट. त्याच सेलवर, त्याच मोजणीवर नायट्रेटपासून अमोनिया हा विषय घेता येतो, तिथे नायट्रेट आपण स्वतः मोजून टाकतो, अमोनिया शेकडो पटीने जास्त निघतो आणि सांडपाण्यातल्या नायट्रेटसाठी त्याचा उपयोगही आहे. शिकलेली एकही पायरी वाया जात नाही.